आपल्या कार्यालयाचा टेलिफोन आणि माझी एक चूक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी जी भाषणे झाली ती संतवाङ्मय, इतिहास, नाट्यकला अशा भारदस्त विषयांवर झाली. मला मात्र कार्यवाहांनी सांगितले की, तुम्ही टेलिफोनवर बोला. टेलिफोनवर सगळेच बोलतात. टेलिफोनविषयी बोलावयाचे म्हणजे काम निराळे. परंतु बेळगावच्या एका कारखान्यात तीस वर्षे मी तारा आणि टेलिफोनच सांभाळले, त्यामुळे दुसरे काही बोलण्याचा अधिकारही मला नाही. शिवाय या विषयाच्या आडून मला एक जुना हिशेब आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तो मी शेवटी नव्हे, मध्येच मांडणार आहे. कारण शेवटपर्यंत मंडळी थांबतातच असे नाही.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या मार्फत. प्रथम मोठ्या शहरांत आणि मागाहून आपल्यासारख्या गावांत. आपल्या कार्यालयात संगणक आला तो २००१ साली. परदेशी असलेल्या सभासदांची पत्रे यावीत, वसतिगृहातील मुलांना परीक्षांचे निकाल येथेच बघता यावेत, एवढाच हेतू होता. हे सारे टेलिफोनच्याच तारेवरून होत असे. संगणक नंबर फिरवी, पलीकडून उत्तर येई आणि मग मोडेम नावाची ती लहानशी पेटी शिट्ट्या, खरखर, किंकाळ्या असे काहीतरी सुरू करी. बायकामंडळी म्हणत, "मांजरे भांडताहेत." आजच्या मुलांनी तो आवाज ऐकलेलाच नाही. अमेरिकेत एओएल कंपनीने आपली अशी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली, हे वाचून मला एखाद्या जुन्या शेजाऱ्याची वार्ता कळावी तसे झाले.

मांजरे का भांडत, हे आधी सांगितले पाहिजे. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी केलेली. साधारण तीनशे ते चौतीसशे कंपने, एवढ्या पट्ट्यातलाच आवाज ती पलीकडे पोहोचविते. संगणकाजवळ आवाज नाही. आहेत ते शून्य आणि एक. म्हणून मोडेम त्या आकड्यांचे सूर करून तारेवर गातो आणि पलीकडचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा आकडे करतो. येथपर्यंत सरळ आहे. गंमत पुढे आहे. तोपर्यंत एक्स्चेंजेसच आकड्यांची झाली होती. ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७-३८ च्या सुमारास सुचली. १९६२ साली अमेरिकेत ती प्रत्यक्ष टेलिफोनच्या वाहतुकीत आली. आणि आपल्या शेजारच्या कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या गावी, १९८६ साली सी-डॉटने तयार केलेले १२८ जोडण्यांचे देशी डिजिटल एक्स्चेंज बसले. अशा एक्स्चेंजमध्ये आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, प्रत्येक माप आठ शून्य-एकांत लिहितात, म्हणजे सेकंदाला ६४,००० चिन्हे होतात. आता पाहा: संगणकाजवळ आकडे, मोडेमने त्यांचे सूर केले, एक्स्चेंजने त्या सुरांचे पुन्हा आकडे केले. आपल्याकडे कचेरीत दोन मराठी माणसे समोरासमोर येतात आणि दहा मिनिटे मोडक्या कानडीत बोलतात. मग एकाचा डबा उघडतो, आणि कळते की अरे, हा तर आपलाच! टेलिफोनच्या तारेवर तो डबा कधी उघडतच नसे.

आता तो हिशेब. २००० साली एका दात्याच्या उदारपणामुळे आपल्या इमारतीत स्वतःचे छोटे एक्स्चेंज बसले. कार्यालय, मंगल कार्यालय, वसतिगृह, वरच्या पाहुण्यांच्या खोल्या, सर्वत्र टेलिफोन झाले. आणि कार्यवाहांच्या खोलीत एक देखणा टेलिफोन आला, त्याला काचेची पट्टी होती, तिच्यावर बोलावणाऱ्याचा नंबर दिसे. पुढच्या वर्षी संगणक आला तो जागेच्या सोयीने त्याच खोलीत ठेवला. आपले कारकून तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. येळ्ळूरहून सायकलने येत. त्यांनी त्या देखण्या टेलिफोनची तार भिंतीतून काढली आणि तेथे मोडेमची लावली. खाचा तीच, तारेचे टोक तेच. त्यांत चुकण्यासारखे काही दिसत नव्हते. मोडेम मेला. मे महिना होता, आदल्या संध्याकाळी वळीव कोसळला होता, म्हणून विजेवर ढकलून दुसरा आणला. जूनमध्ये, नेमका निकालाच्या आठवड्यात, तोही मेला. वसतिगृहातली मुले बाजारात तासावर पैसे मोजून निकाल बघावयास गेली आणि समितीत आवाज चढले.

मला तपासणीस बोलावले. मी लाइनमनचा चाचणी-फोन घेऊन गेलो, खाली जिन्याजवळ जेथे बाहेरची तार येते त्या पेटीत लावला, डायल-टोन स्वच्छ ऐकला, एक-दोन नंबर फिरवून पाहिले आणि समितीला लिहून दिले: "लाइनमध्ये दोष नाही, उपकरण हाताळण्यात हयगय झाली असावी." एवढ्या एका वाक्यावर दुसऱ्या मोडेमची किंमत त्या मुलाच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापावयाचे ठरले. तो मला जिन्यात भेटला. म्हणाला, "अण्णा, मी काय केलो नाही. वायर काढलो, वायर लावलो, तेवढंच." मी म्हणालो, "तेवढ्यातच होतं, बाळ." आज हे वाक्य आठवले की मला जिभेला चटका बसल्यासारखे होते.

माझे कोठे चुकले ते सांगतो. मी जेथे तपासणे सोपे होते तेथे तपासले. जेथे मोडेम मेला त्या सॉकेटला हातही लावला नाही. तीस वर्षांच्या अनुभवाने मला शिकविले होते की, तार ती तार. पण हे खरे नव्हते.

दसऱ्याच्या आधी खोल्यांना रंग काढला तेव्हा टेलिफोन इकडचे तिकडे झाले. त्या मुलाने कार्यवाहांचा देखणा टेलिफोन बाहेरच्या खोलीत लावला, तर काचेची पट्टी काळी. बाहेरचा साधा टेलिफोन आतल्या खोलीत लावला, तर तो मुका. दोघांना परत आपापल्या जागी लावले, दोघेही जिवंत. त्याने मला निरोप पाठविला, "अण्णा, फोन बिघडला नाही की. ही भिंत वेगळी आहे, ती भिंत वेगळी." मी तो निरोप ऐकला आणि हातातला चहा खाली ठेवला.

भिंत खरोखरच वेगळी होती. अशा छोट्या एक्स्चेंजमध्ये दोन प्रकारच्या जोडण्या असतात. साध्या जोडणीवर आवाज लाटेच्या रूपानेच येतो आणि विजेचा प्रवाह बेतात राखलेला असतो. देखण्या टेलिफोनची जोडणी डिजिटल असते. तिच्यावरून आकडेच ये-जा करतात, आणि त्या टेलिफोनच्या पोटातली काचपट्टी, दिवे वगैरे चालविण्याची वीजही त्याच दोन तारांवरून येते. मोडेम बिचारा नंबर फिरविण्यासाठी तार उचलतो ती साधी समजून. आणि त्याला न झेपणारा प्रवाह त्याच्या अंगातून जातो. पहिल्या वेळी मरेल किंवा दुसऱ्या वेळी मरेल, एवढाच प्रश्न. मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्या व्यापारी मंडळींचे मोडेम त्या काळात याच कारणाने जळत; म्हणून लाल-हिरवा दिवा दाखविणारी छोटी चाचणी-कांडी ते खिशात बाळगीत. आमच्या कारखान्यात सगळ्या जोडण्या साध्या होत्या, हे माझे स्पष्टीकरण आहे. सबब म्हणून मी ते सांगत नाही.

मी समितीला दुसरे पत्र लिहिले. पहिल्यापेक्षा ते लिहावयास पुष्कळ वेळ लागला. कापलेली रक्कम परत करण्याचा ठराव झाला. तो कार्यवृत्तात आहे, माझे पत्रही त्याला जोडलेले आहे. ज्यांना वाटेल त्यांनी कपाट उघडून पाहावे.

त्यानंतर साध्या जोडणीवर मोडेम लावला, आणि मग आम्हा दोघांची खरी शाळा सुरू झाली. संगणक पडद्यावर आकडा दाखवी: ६८०. म्हणजे डायल-टोन नाही. पण कानाला टोन ऐकू येत होता! आमच्या छोट्या एक्स्चेंजचा आतला टोन मोडेमच्या ओळखीचा नव्हता. टोनची वाट न पाहता नंबर फिरव, असे मोडेमला सांगावे लागते; त्यासाठी त्याच्या आज्ञेत एक्स-तीन असे अक्षर आणि अंक घालावे लागत. बाहेरची लाइन मिळविण्यास आधी शून्य, आणि शून्यानंतर स्वल्पविराम. त्या एका स्वल्पविरामात मोडेम दोन सेकंद थांबतो आणि तेवढ्यात बाहेरचा टोन येतो. विरामचिन्हांचे महत्त्व आमच्या मास्तरांनी छडी हाती घेऊन सांगितले होते, पण ते मला पटले त्या दिवशी! ६७८ आकडा आला तर पलीकडून उत्तर नाही. ६९१ आला तर नाव किंवा परवलीचा शब्द चुकलेला. हा शेवटचा आकडा आला की लोक तारा उपटावयास लागत, वस्तुतः तो आला याचाच अर्थ तार, मोडेम, नंबर सारे बिनचूक, आपण पलीकडच्या दारापर्यंत पोहोचलो आहोत, फक्त दार उघडत नाही.

पुढची तक्रार वेगाची. मोडेमच्या खोक्यावर छप्पन्न हजार छापलेले आणि पडद्यावर येत ते २६,४००. विकणाऱ्याने फसविले, असे कार्यवाहांचे मत पडले. यावेळी मी मत दिले नाही. दोघांनी मिळून मोडेम उचलला आणि खाली जिन्याजवळच्या पेटीत, थेट बाहेरच्या तारेवर लावला. ४५,३३३! कारण असे की, १९९८ साली ठरलेली ती छप्पन्न हजारांची पद्धत एका अटीवर चालते. पलीकडे सेवा देणारा थेट आकड्यांच्या तारेने जोडलेला हवा, आणि साऱ्या वाटेत लाट आणि आकडे यांचे रूपांतर एकदाच, आपल्या बाजूला, व्हावयास हवे. आमच्या इमारतीतले छोटे एक्स्चेंज लाटेचे आकडे करी, बाहेर सोडताना पुन्हा लाट करी, आणि गावातले एक्स्चेंज तिचे पुन्हा आकडे करी. एका भाषांतराचे भाषांतर झाले की मूळ लेखकाची जी दशा होते तीच. मोडेम ते ओळखतो आणि मुकाट्याने जुन्या, सावकाश पद्धतीवर उतरतो. त्या वर्षी आम्ही संगणकासाठी एक स्वतंत्र, थेट तार ओढून घेतली.

पावसाळ्यात तीही रडू लागली. जोडणी होई आणि चार मिनिटांत तुटे. येथे कानासारखे साधन नाही. रिसीव्हर उचलावा, एखादा आकडा दाबून टोन थांबवावा आणि ती शांतता ऐकावी. ती खरोखर शांत असेल तर ठीक. पापड भाजल्यासारखी तडतड असेल तर कोठेतरी जोडात ओल आहे. मग घरातल्या तारा सोडवून, बाहेरची तार एकटी ऐकावी. तेव्हाही तडतडली तर दोष बाहेर. आमचा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पेटीतल्या एका जोडात निघाला. दुसऱ्या एका वेळी मात्र पावसाचा काही संबंध नव्हता: मंगल कार्यालयातील आचारी त्याच तारेवरचा जोड-टेलिफोन उचलून नारळाची चौकशी करीत असत.

आपल्या एका सभासदांच्या छापखान्यात पुढे आयएसडीएन लाइन आली. ती घरापर्यंत आकड्यांचीच. चौसष्ट हजारांच्या दोन वाटा आणि नंबर-निरोपांसाठी सोळा हजारांची तिसरी. तेथे मांजरे भांडत नसत, क्षणात जोडणी होई. पण त्यांची अडचण विलक्षण होती: बोलणे उत्तम होई आणि संगणक मात्र जोडला जात नसे. अशा लाइनवर प्रत्येक हाक आपण बोलण्याची आहोत की आकड्यांची, हे आधी जाहीर करते. आणि ते जो नंबर फिरवीत होते तेथे पलीकडे नुसते साधे मोडेम बसलेले होते, ते आकड्यांची हाक घेतच नसत. नंबर बदलला, काम झाले. ही गोष्ट कोणी शोधली? आपल्याच कारकुनांनी. तोवर ते मला विचारावयास येत नसत, मीच त्यांच्याकडे जात असे.

ते पुढे येथून दुसऱ्या नोकरीवर गेले. जाताना त्यांनी तो विषय काढला नाही, मी काढला, तेव्हा म्हणाले, "अण्णा, पैसे मिळाले की तेव्हाच." पैशांविषयी मी विचारीत नव्हतो, हे त्यांनाही ठाऊक होते. मग दोघेही पावसाविषयी बोललो.

आता इमारतीत फायबर आहे. छोटे एक्स्चेंज केव्हाच काढले. कार्यवाहांच्या खोलीत, खिडकीच्या खाली, ते सॉकेट मात्र अजून भिंतीत आहे. त्याच्यावर त्या मुलाच्या हस्ताक्षरातली पट्टी आहे: "येथे मोडेम लावू नये." तीन वेळा रंग झाला, दर वेळी रंगारी विचारतो की, हे काढू का, आणि मी आसपास असलो तर तेवढा चौकोन सोडून रंगवावयास सांगतो.