तोंडावरून दुसऱ्यांदा वारं गेलं तर



चेहऱ्याचा लकवा आपल्याला नवा नाही. पण एकदा बरा झालेला लकवा परत आला की घरची माणसे हबकतात. कोणी म्हणतात, 'आता तोंड कायमचं वाकडं.' कोणी म्हणतात, 'मागच्या वेळी आपोआप गेलं, याही वेळी जाईल.' आम्हाला सांगायचे ते एवढेच, की दोन्ही समजुती घातक आहेत.

चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातील अरुंद नळीतून येते. तिथे ती सुजली की दाबली जाते आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. यालाच बेल्स पाल्सी म्हणतात, आयुर्वेदात अर्दित. कोपनहेगनच्या डॉ. पाइटरसन यांनी औषध न दिलेल्या १,७०१ रुग्णांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतले शंभरातील ७१ जण पूर्ण बरे झाले आणि ८५ जणांत तीन आठवड्यांतच सुधारणा दिसू लागली. आजार परत आला तो शंभरातील सातेक जणांना.

औषधाने हे प्रमाण वाढते. स्कॉटलंडमधील २००७ च्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी शंभरात ९४ जण बरे होते. ते न घेतलेल्यांत ८२. म्हणून पहिले तीन दिवस झाडफूक आणि तेलमालिशीत घालवू नयेत. मात्र या गोळ्यांनी साखर वाढते, तेव्हा त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

दुसऱ्या खेपेलाही बरे होण्याची आशा चांगली असते, पण कारण शोधायलाच हवे. मधुमेह, रक्तदाब, वाहणारा कान, कानातले फोड, ओठांची सूज, अंगावरचा बधिर चट्टा, हे सारे तपासून घ्यावे. त्याच बाजूला पुन्हा झाले तर एमआरआयबद्दल विचारावे. तीन महिन्यांत हालचाल आली नाही तर पुन्हा तज्ज्ञांकडे जावे. नस हळूहळू भरून येते. कधी जेवताना डोळा मिटतो किंवा पाणी येते. ती नस चुकीच्या जागी जोडली गेल्याची खूण असते.

डोळ्याची काळजी सर्वांत आधी. आपले गाव यंत्रमागांचे. हवेत कापसाची धूळ असते. पापणी मिटत नसेल तर बुबुळाला जखम होऊन दृष्टीही जाऊ शकते. दिवसा थेंब आणि चष्मा, रात्री मलम लावून पापणी पट्टीने मिटवावी.

एक खूण ध्यानात ठेवा. तोंड वाकडे, पण कपाळाला आठ्या पडतात, हात-पाय लुळा किंवा बोलणे अडखळते, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.

आणि शेवटी, ज्या वक्रतुंडाला आपण दहा दिवस हात जोडतो, त्याच्याच मंडपात कुणाच्या वाकड्या हसण्याकडे टक लावून पाहू नये. बरे होईपर्यंतचे महिने त्या माणसाला चारचौघांतच काढायचे असतात.

गणपती बाप्पा मोरया!