वजनकाटा आणि वयात येणारी मुले



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल की, नगरसारख्या दुष्काळी मुलखात जाड-बारीकपणाची चर्चा करणे हा भरल्या पोटाचा उद्योग झाला. मला नेमके उलटे म्हणावयाचे आहे. ज्या घरी दळणाचा हिशेब रोज करावा लागतो, त्याच घरच्या मुलाला शरीरावरून बोललेला शब्द अधिक लागतो. कारण त्या शब्दाने एकट्या मुलाची नव्हे, तर साऱ्या घराची लाज काढली जाते.

बारीक मुलाला आपण ‘काडीपैलवान’ म्हणतो आणि वर विचारतो, ‘घरी खायला देत नाहीत का रे?’ विचारणारा हसतो. परंतु पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला ही थट्टा वाटत नाही; त्याचे खरे उत्तर कित्येकदा ‘पुरेसे नाही’ असेच असते. जाड मुलाची गत आणखी चमत्कारिक. सावकाराचा मुलगा अंगाने सुटला तर तो ‘खात्यापित्या घरचा’. मजुराची मुलगी सुटली तर ‘कामाला मागे, खायला पुढे’!

वास्तविक गरिबाघरचे जाडपण सुबत्तेचे नसते. आई पहाटे कामावर गेलेली. मुलांच्या वाट्याला चहा, बिस्किटे, दुकानातली पाच रुपयांची पुडी, फार तर वडापाव. स्वस्तात आणि लवकर पोट भरते ते तेलाने, साखरेने आणि मैद्याने. डाळ, दूध, अंडी, भाजी यांना पैसाही लागतो आणि चुलीपाशी उभे राहणारे माणूसही लागते. शाळेतल्या सरकारी पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला दररोज १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने ठरवून दिली आहेत. पण ती योजना आठवीपाशी संपते. हाडे लांबू लागतात, भूक वाढते, आणि नेमके त्याच वयात शाळेतले ताट उचलले जाते! या गोष्टीवर मात्र कोणी कोणाला टोमणा मारलेला मी ऐकला नाही.

शिवाय डोळ्यांनी देह जोखणे फसवे असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात याज्ञिकांना दिसले की, आपली बाळे जन्मतः किडकिडीत असतात, सरासरी पावणेतीन किलोच्या आतली. तरी त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक असते. म्हणजे ज्या मुलाला आपण खादाड म्हणतो, त्याच्या देहाची घडण आईच्या पोटातच सुरू झालेली असते.

मुलींच्या बाबतीत हा शब्द केवळ मनाला लागून थांबत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी अंगाने भरली की शेजारीण म्हणते, ‘थोराड दिसायला लागली हो!’ आणि त्यात स्थळाची सूचना असते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, तेव्हा लग्नाला व्यवहाराचाही रेटा मिळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. त्यांतली किती लग्ने वयाच्या दाखल्याऐवजी अंगलट पाहून ठरली असतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता शाळेकडे वळू. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येतात. योजना उत्तम आहे. तिच्यामुळे हृदयाचे, डोळ्यांचे दोष वेळेवर सापडतात. पण कोणत्याही शाळेत मुलांची रांग लावून काट्यावरचा आकडा मोठ्याने पुकारला गेला, तर मधल्या सुट्टीपर्यंत त्या आकड्याचे टोपणनाव झालेले असते. लाजवल्याने मूल सुधारते, ही आपली जुनी समजूत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली स्पष्ट सांगितले की, लाजवलेली मुले अधाशीपणे खाऊ लागतात, खेळ टाळतात आणि त्यांचे वजन वाढतेच. ज्या मुलाला मैदानावर ‘ढोल’ म्हणतात, ते मैदानावर येईलच कशाला?

आपल्याच जिल्ह्यात याहून शहाणी रीत होऊन गेली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा आरोग्याचे शिक्षण त्यांनी गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना दिले. अशा बाईला कोणाच्या घरात डाळ शिजते आणि कोणाच्या घरात नाही, हे ठाऊक असते. तिच्या हाती वजनाचा आकडा आला की पुढचा प्रश्न ताटासंबंधी निघतो. रूपाचा विषयच येत नाही.

काट्यापुढे एक पडदा लावावा, आकडा न पुकारता वहीत लिहावा, आणि ‘सकाळी काय खाल्लेस?’ हे हळू आवाजात विचारणारी एखादी बाई तिथे बसवावी. याला मुंबईची मंजुरी लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतले की झाले. नववी-दहावीच्या ताटाला मात्र मंजुरी लागेल. त्यासाठी शाळा समित्यांनी आणि ग्रामसभांनी ठराव करून जिल्हा परिषदेकडे धाडावेत. या सभागृहात दोन्ही ठिकाणचे सभासद बसलेले मला दिसत आहेत.