रात्री साडेअकराचा मास्तर

आज मी महाळुंगे पडवळमधून बोलतोय. मध्येच कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

इथली कॉलेजची पोरंपोरी एसटीनं मंचर-घोडेगाव गाठतात, काही पुण्यात रूम करून राहतात. बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजला जाणारे तेच पहिले. अकाउंटन्सीत अडलं तर घरी विचारायचं कोणाला? वर्गात हात वर करावा, तर इंग्रजीत वाक्य जुळत नाही आणि मागच्या बाकावर खसखस पिकते. मग रात्री साडेअकराला, पांघरुणात, मोबाइलवर: ‘डेप्रिसिएशन म्हणजे काय, सोप्या मराठीत सांग.’ एआय सांगतं. चौथ्यांदा विचारलं तरी सांगतं, ‘एवढंही येत नाही का’ असं म्हणत नाही. ही छोटी गोष्ट नाही हं. ‘एआय वापरू नका’ म्हणणाऱ्यांना ही रात्र माहीतच नसते, असं माझं मत आहे.

पण एक जुना किस्सा ऐका. २०१६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये प्रा. अशोक गोयल यांनी आपल्या ऑनलाइन वर्गाला ‘जिल वॉटसन’ नावाची सहायक दिली. विद्यार्थी शंका विचारायचे, ती उत्तरं द्यायची. ती माणूस नसून सॉफ्टवेअर आहे, हे बहुतेकांना सत्र संपताना कळलं! मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. ९७ टक्के खात्री असेल तरच ती बोलायची, नाहीतर गप्प. आपल्या मोबाइलमधला मास्तर मात्र माहीत नसलेलंही ठणकावून सांगतो.

खोटं वाटतं? मग त्याला आपल्या गावाचं विचारा. हुतात्मा बाबू गेनू कोण, जन्म कुठला, कधी आणि कसे गेले? महाळुंगे पडवळचं शेंबडं पोरही सांगेल: जन्म इथलाच, आणि १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाचा ट्रक अडवताना त्याखाली गेले. इथं मशीन घसरलं, तर तुम्ही लगेच पकडाल. थर्मोडायनॅमिक्समध्ये घसरलं तर कोण पकडणार?

आणि समजा उत्तर बरोबरच आलं, तरी गोची आहेच. तुर्कस्तानात हायस्कूलच्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, २०२४ मध्ये त्याचा पेपर आला. साधं चॅटजीपीटी मिळालेल्यांनी सरावात ४८ टक्के जास्त मार्क मिळवले. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा हे १७ टक्के मागे! तिसऱ्या गटाला आयतं उत्तर न देता फक्त इशारे देणारं एआय दिलं होतं. त्यांचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही.

ती पोरं शाळेतली होती, मान्य. पण सेमिस्टरच्या पेपरला मोबाइल बाहेरच ठेवावा लागतो ना? ज्याच्या घरी दुसरं कोणी शिकवायला नाही, त्याला हा सौदा सगळ्यात महाग पडतो.

म्हणून हे तसंच्या तसं टाईप करा, किंवा मराठीत बोला: ‘उत्तर देऊ नकोस. मला एकेक प्रश्न विचार. चुकलं तर फक्त कुठं चुकलं ते दाखव.’ पहिले दोन दिवस वैताग येईल. तिसऱ्यांदा अडलात, तर तोच प्रश्न वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी सरांना नाहीतर मॅडमना विचारा. प्रश्न आधीच नीट मांडलेला असला की इंग्रजीचीही तेवढी भीती वाटत नाही.

उद्या सकाळी एसटीतच सुरू करा. मंचर येईपर्यंत एक धडा तरी होतोच, अर्थात रेंज मिळाली तर.