महालक्ष्म्यांचं पुरण आणि मोठा कुकर

पोळा झाला, बडग्या-मारबत निघाली, की महालक्ष्म्या आठवडाभरावर येतात. नागपुरात आणि एकूणच विदर्भात हे तीन दिवस स्वयंपाकघराची खरी परीक्षा घेतात. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, फुलोरा, कढी, वडे आणि या सगळ्यांच्या मधोमध पुरण. जेवायला तीस-चाळीस माणसं ही तर अगदी साध्या घरातली गोष्ट. पूर्वी डाळ पितळी गंजात, चुलीवर शिजायची. एक जाऊ गंजाजवळ बसून फेस काढायची, दुसरी जाळ सांभाळायची. आता घरात माणसं कमी, चूल नाही, आणि पंगत मात्र तेवढीच. म्हणून या दिवसांत इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत मोठ्या कुकरची चौकशी वाढते. बारा लिटरचा घ्यावा, अठराचा की बावीसचा?

माझं मत आधीच सांगते. घरासाठी बावीस लिटरचा कुकर घेऊ नका. दहा किंवा बारा लिटरचा घ्या आणि तो दोनदा लावा.

आता कारण सांगते. कुकरच्या खोक्यावर जो लिटरचा आकडा असतो, तो भांड्यात काठापर्यंत किती मावतं याचा असतो. तेवढं शिजवता मात्र येत नाही. भाजी-मटणासाठी कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. डाळी, तांदूळ, हरभरे, म्हणजे फुगणारे आणि फेस धरणारे पदार्थ असतील तर अर्ध्याच्या वर नाही. ही अर्ध्याची मर्यादा माहीत नसल्यामुळे किंवा माहीत असून घाईत विसरल्यामुळे डाळ शिट्टीतून ओट्यावर येते.

पुरणाचा हिशेब करून बघू. एक किलो हरभऱ्याची डाळ आणि तिला लागणारं अडीच लिटर पाणी मिळून साधारण सव्वातीन लिटर जागा घेतात. म्हणजे साडेसात लिटरच्या कुकरात एक किलो डाळ नीट शिजेल, दहा लिटरच्या कुकरात दीड किलो आणि बारा लिटरच्या कुकरात पावणेदोन किलो. किलोभर डाळीच्या पुरणात आपल्याकडच्या भरगच्च पोळ्या पंचवीस-तीस होतात. चाळीस माणसांची पंगत असेल तर तीन किलो डाळ पुरे. बारा लिटरच्या कुकरात ती दोन वेळा लावली की काम झालं. पहिली डाळ चाळणीत निथळून कट बाजूला ठेवेपर्यंत आणि तिच्यात साखर किंवा गूळ घालून ती आटवायला घेईपर्यंत दुसरी शिजलेली असते. पुरणयंत्र फिरवणारा हात तरी एका वेळी किती पुरण वाटणार?

तीच तीन किलो डाळ बावीस लिटरच्या कुकरात एकदम लावली तर काय होतं? आत दहा किलोंच्या आसपास डाळ-पाणी, वर भांड्याचं वजन. पंधरा किलोंच्या वरचा, तापलेला ऐवज शेगडीवरून उतरवायचा. दोन्ही कान धरून उचलायला दोन माणसं लागतात, आणि आपल्या फ्लॅटमधल्या ओट्यापाशी दोन माणसं नीट उभीही राहू शकत नाहीत. शिवाय घरातल्या शेगडीचा मोठा बर्नरसुद्धा एवढ्या मोठ्या तळाला पुरत नाही. पूर्ण वाफ धरायलाच पाऊण तासाच्या आसपास जातो. तेवढ्या वेळात तळाची डाळ लगदा होते, करपायला लागते, आणि वरची तेव्हा कुठे शिजू लागलेली असते. बारा लिटरचा कुकर अर्धा भरलेला असेल तर हेच काम जवळपास निम्म्या वेळात होतं.

काही जण यावर उपाय म्हणून मंगल कार्यालयात असते तशी हलवायाची भट्टी-शेगडी आणतात. कृपा करून असं करू नका. घरगुती कुकर त्या जाळासाठी बनवलेला नसतो. शिट्टीतून जेवढी वाफ बाहेर पडू शकते त्याहून जास्त वाफ आत तयार व्हायला लागली, तर दाब वाढतच जातो.

या दाबाबद्दल जरा सविस्तर बोलते. उघड्या गंजात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं आणि त्यापुढे कितीही जाळ केला तरी त्याचं तापमान वाढत नाही, नुसती वाफ होत राहते. कुकरमध्ये वाफ कोंडली की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा जादा दाब तयार होतो, आणि त्या दाबाखाली पाणी एकशेवीस अंशांपर्यंत चढतं. डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे. पण झाकणाचा विचार करा. चोवीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साडेचारशे चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे त्याच्यावर आतून साडेचारशे किलोंचा रेटा असतो. कुकर जितका रुंद, तितका हा रेटा जास्त. फ्रान्समधला डेनी पापँ यानं 1679 साली लंडनमध्ये असं पहिलं भांडं दाखवलं, हाडंसुद्धा मऊ शिजवणारं. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलून वाफ बाहेर पडेल, अशी झडप बसवायची युक्तीही त्याच्याच नावावर आहे. आपल्या कुकरची शिट्टी अजून त्याच तत्त्वावर चालते.

म्हणून कुकर उघडण्याची घाई नको. गॅस बंद केला तरी आतलं पाणी एकशेवीस अंशांवरच असतं. अशा वेळी शिट्टी उचलून किंवा झाकणावर थंड पाणी ओतून दाब एकदम उतरवला, तर सहा लिटरमधलं दोनशे मिलिलिटर पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं. वाफ पाण्याच्या सोळाशे पट जागा घेते, म्हणजे ही तीनशे लिटरहून जास्त वाफ झाली. ती येताना डाळीचा फेस घेऊनच येते. लहान कुकर दहा मिनिटांत निवतो, मोठ्याला अर्धा तासही लागतो. तो अर्धा तास वेळापत्रकात आधीच धरा. आणि डाळ त्या वेळातही शिजतच असते, हे ध्यानात ठेवून गॅस थोडा लवकर बंद करा. उघडण्याआधी शिट्टी चमच्यानं किंचित उचलून बघा. जराही फुसफुस झाली तर थांबा.

शिट्ट्या मोजायची आपल्याला सवय आहे. वरणाला तीन, वाटाण्याला पाच, असं आपण एकमेकींना सांगतो. रोजच्या तीन लिटरच्या कुकरला, रोजच्याच आचेवर, ते चालतं. मोठ्या कुकरला चालत नाही. आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात, लहान असेल तर एका शिट्टीला पाच मिनिटं लागतात. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ बघा. तासभर भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीला तिथून दहा मिनिटं पुरतात. तर्रीसाठी रात्रभर भिजवलेल्या काळ्या चण्यांना पंधरा ते वीस मिनिटं. गॅसची बचत होते तीही या बारीक आचेमुळे.

डाळ शिजतच नाही, अशी तक्रारही मी ऐकते. अशा वेळी कुकरला दोष देण्याआधी पाणी बघा. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी बहुतेक वेळा ठीक असतं. बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार जास्त असतात आणि ते डाळीचं साल आणि गर घट्ट करतात. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी पुरणापुरतं तरी नळाचं पाणी भरून ठेवावं. गूळ, चिंच, टोमॅटो डाळ शिजण्याआधी घातलं तरी ती दडस राहते. गूळ नेहमी नंतर.

भाताबद्दल एवढंच सांगते, की पंगतीचा भात मोठ्या कुकरात थेट लावू नका. तळाला गिच्च आणि वर मोकळा होतो. गंज काढा, भाताला गंजच बरा.

झाकणं दोन तऱ्हेची मिळतात. आत बसणारं झाकण दाबानं आणखी घट्ट बसतं आणि आत दाब असेपर्यंत उघडत नाही, ही त्याची मोठी खुबी. पण त्या कुकरचं तोंड पोटापेक्षा लहान असतं, त्यामुळे मोठे डबे आत जात नाहीत आणि घासताना हात अडतो. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचं तोंड पूर्ण उघडं असतं. डबे लावून वरण, बटाटे, कोहळं एकाच वेळी शिजवायचं असेल तर मला तेच सोयीचं वाटतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं, आच सारखी पसरवतं, मोठ्या कुकरला चांगलं. पण आंबील त्यात शिजवू नका, ताकाच्या आंबटपणाशी त्या धातूचं जमत नाही. स्टील घ्यायचं तर जाड, थर दिलेल्या तळाचंच घ्या, पातळ तळाला पुरण लागतं.

आणि आयएसआयची खूण. 1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती प्रेशर कुकरला ती देशभर सक्तीची आहे. तिच्यासोबत आयएस 2347 हा आकडा आणि सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. स्वस्त मिळाला म्हणून खुणेविना कुकर घरात आणू नका. ऑनलाइन खरेदीतसुद्धा फोटोत ही खूण शोधा, कारण खूण नसलेले कुकर विकल्याबद्दल 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठमोठ्या विक्री संकेतस्थळांवर कारवाई केलेली आहे.

ज्यांच्याकडे मोठा कुकर आधीच आहे, त्यांचा तो बहुधा वर्षभर माळ्यावर असतो. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत माळ्यावर पडलेली रबरी रिंग कडक होते, तिला बारीक चिरा पडतात. शिट्टीच्या नळीत मागच्या वर्षीच्या डाळीचं साल वाळून बसलेलं असतं. सेफ्टी व्हॉल्व्ह तर बघितलाच जात नाही. पुष्कळशा कुकरांत तो म्हणजे वितळणाऱ्या धातूचा छोटा ठिपका असतो. पाणी संपलं किंवा नळी तुंबली तर तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. एकदा वितळला की त्याच कंपनीचा नवा बसवायचा. तिथे साधा स्क्रू पिळून काम भागवणं म्हणजे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

तेव्हा भगिनींनो, आणि स्वयंपाकात हात लावणाऱ्या बंधूंनो, महालक्ष्म्या बसायच्या चार दिवस आधी कुकर खाली काढा. रिंग बदला. झाकणाची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा. मग दीड-दोन लिटर नुसतं पाणी घालून एकदा कुकर लावा. वाफ झाकणाच्या कडेनं येत असेल आणि नवी रिंग घालूनही थांबत नसेल, तर यंदाचं पुरण शेजारचा कुकर मागून आणून शिजवा, आणि आपला दुरुस्तीला द्या.