रात्रीची पेरणी



जालना म्हटलं की बियाणं. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली आणि पुढे बियाण्याच्या पिशवीवर जालन्याचं नाव देशभर गेलं. पण याच जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन तालुक्यात धावड्याच्या बाजूला अजिंठ्याचा डोंगर सुरू होतो, तिथे पिशवी घेऊन कोणी जात नाही. तिथल्या खडकात उंबर लावतं कोण?

पाखरं लावतात, माकडं लावतात. आणि रात्री वटवाघूळ लावतं.

फळं खाणारं मोठं वटवाघूळ पंख पसरून चार फुटांचं भरतं. ते डोळ्यांनी बघतं, पिकलेलं फळ वासाने हुडकतं. उंबर, वड, पिंपळाची फळं चावून रस गिळतं आणि चोथा थुंकून टाकतं. रसाबरोबर बारीक बिया पोटात जातात, पण तिथे फार वेळ राहत नाहीत. जांभूळ किंवा मोहाचं फळ असेल, तर थव्यातल्या भांडणापासून लांब, दुसऱ्या झाडावर नेऊन खातं. बी तिथे पडते.

पाखरू बहुतेक वेळा फांदीवर बसून शिटतं, म्हणून बी झाडाखाली राहते. वटवाघूळ उडता उडताही विष्ठा टाकतं. त्यामुळे जिथे बसायला एक फांदी नाही, अशा बोडक्या उतारावरही बी पोचते. तिथे एक उंबर जगला, की त्याच्या फळांना पाखरं येतात आणि आणखी बिया आणतात. उघड्या डोंगरावर झाडोरा असाच परत येतो, म्हणून मला हे जनावर फार मोलाचं वाटतं.

वन्यजीव कायद्याने मात्र त्याला बरीच वर्षं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी म्हणून बसवलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली.

पेरूच्या बागेचं नुकसान होतं, हे खरं आहे. बागेला जाळी लावा. निपाहसारख्या आजाराचा धोका असतो, म्हणून वटवाघळाने उष्टं केलेलं फळ खाऊ नका, पोरांनाही खाऊ देऊ नका. पण ज्या वडा-चिंचेवर थवा लटकतो, ते झाड तोडू नका, खाली फटाके वाजवू नका. मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. उठलेला थवा लवकर भरून येत नाही.

पावसाळ्यात डोंगराकडे गेलात, तर खडकाच्या भेगा बघा. बोटभर उंबर दिसेल. वर फांदी नसेल, तर तो बहुधा रात्री आलेला आहे.