नकाशावरचा नळ



वर्गाच्या भिंतीवरील नकाशावर आम्ही बोटाने नर्मदा दाखवीत असू. ती इंदूरच्या नळाला प्रत्यक्ष आली १९७८ साली, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतर आणि घाट चढून. नकाशा आणि घागर यांच्यातले हे अंतर माझ्या मनातून कधी गेले नाही. साहित्याच्या माणसाने आज पाणी व मलनिस्सारण यांवर बोलावे, याचे कारण एवढेच.

१९८९ नंतर अभियंते हिमांशु पारीख यांनी येथील झोपडवस्त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या विखुरलेल्या न दिसता नद्यानाल्यांच्या काठाने माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या. जेथे पाणी उताराने आपसूक वाहते, तेथेच गरिबाला जागा मिळालेली! मग गटारवाहिनी त्याच उताराने वस्तीवस्तीतून नेली तर वस्तीचे आणि शहराचे काम एकदमच होते. सामाईक संडासाऐवजी घरोघरी संडास शक्य होतो. या कामाला १९९८ मध्ये आगाखान वास्तुरचना पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये गीता दिवाण वर्मा यांनी ‘स्लमिंग इंडिया’ या ग्रंथात त्याच्या यशाविषयी परखड आक्षेप नोंदविले. दोन्ही वाचावे; पुरस्काराची बातमी वाचणारे पुष्कळ असतात.

वाहिनी नकाशावर असणे निराळे, ती वाहती असणे निराळे. येथून जवळच, महू येथे, जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भेद फार पूर्वी जगापुढे मांडला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ साली ठरावाने सर्वांस खुले केले होते. अस्पृश्य मानलेल्यांच्या ओंजळीत ते पाणी आले २० मार्च १९२७ रोजी, आणि त्यापायी त्यांना मारही खावा लागला. मधल्या तीन वर्षांत कोणी घरापासून तळ्यापर्यंतचे अंतर मोजले असते, तर वहीत काय लिहिले असते?

आजच्या जागतिक मोजणीत जाऊन-येऊन, रांगेसह, तीस मिनिटांत सुधारित स्रोताचे पाणी मिळाले तर ती ‘मूलभूत’ सेवा ठरते. रांग धरली, हे उत्तम. रांगेतून मागे लोटणारा हात मात्र मिनिटांत कसा धरणार?

म्हणून शाळेला एक विनंती. नववीच्या मुलामुलींना कोरा कागद देऊन परिसरात पाठवावे. नळ कोठे आहे हे सोपे आहे. त्याला पाणी किती वाजता येते, ते भरते कोण, संडासाच्या वाटेवर रात्री दिवा असतो काय, कुलपाची किल्ली कोणापाशी, हे विचारून लिहावे. बायकांना आधी विचारावे. आणि तो कागद भूगोलाच्या खोलीत, त्या जुन्या नकाशाशेजारी टांगावा.