सोनोग्राफीचा कोर्स : मुलीचं नाव घालण्याआधी

(कांदिवलीत चारकोपच्या एका महिला मंडळाने बारावीच्या मुली आणि त्यांच्या आया यांच्यासाठी बोलावलेल्या बैठकीतील भाषण.)



मंडळाने मला विषय दिलाय, ‘मुलींसाठी दवाखान्यातल्या नोकऱ्या’. पण सुरुवात मी माझ्या एका चुकीने करते. काही वर्षांपूर्वी दामूनगरमधल्या शिबिरात मी मुलींना कोर्सेसची एक यादी वाचून दाखवली होती. त्यात ‘सोनोग्राफी टेक्निशियन, एक वर्ष, नोकरीची हमी’ असं होतं. कुठून आलं ते? स्टेशनबाहेर हातात पडलेल्या जाहिरातीच्या कागदावरून. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, पण ते तपासून बघायचं मला सुचलं नाही.

एका मुलीने तो कोर्स केला. आई तीन घरची धुणीभांडी करते. फीसाठी तिने बचत गटातून कर्ज काढलं. वर्षाने प्रमाणपत्र मिळालं, एका सेंटरमध्ये नोकरीही मिळाली. काम काय, तर पेशंटची नावं लिहायची, पाणी पिऊन बसायला सांगायचं, पोटावरचं जेल पुसायला कागद द्यायचा आणि फॉर्म भरायचे. सहा महिन्यांनी ती मला म्हणाली, “ताई, मशीनला हात कधी लावायला मिळणार?” मी म्हटलं, धीर धर. खरं उत्तर होतं, या प्रमाणपत्रावर कधीच नाही.

असं का, ते नीट समजून घेऊ. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये ‘सोनोग्राफर’ हा डॉक्टर नसलेल्यांचा स्वतंत्र पेशा आहे. अमेरिकेत १९७५ पासून त्यांची नोंदणी-परीक्षा आहे. इंग्लंडमध्ये बहुधा आधी रेडिओग्राफीची पदवी घेतात आणि मग सोनोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण. तिथे तपासणी तीच व्यक्ती करते. आपल्याकडे तसं नाही. १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा, म्हणजे आपण ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतो तो, आणि त्याचे नियम यांच्याप्रमाणे सोनोग्राफी सेंटरची नोंदणी लागते आणि तपासणी करणारी व्यक्ती पात्र डॉक्टरच असावी लागते. रेडिऑलॉजीत किंवा स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, नाहीतर एम.बी.बी.एस. नंतर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली. २०१४ च्या नियमांनी हे प्रशिक्षण ३०० तासांचं ठरवलं आणि शेवटी परीक्षा ठेवली. डॉक्टरलासुद्धा जिथे सहा महिने शिकून परीक्षा द्यावी लागते, तिथे वर्षभराच्या खाजगी डिप्लोमावर आपल्या मुलीच्या हातात प्रोब कोण देणार? आणि कोणी दिलाच, तर तो बेकायदा आहे.

आता इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. हा कायदा आपण बायकांनीच मागितलेला आहे. ऐंशीच्या दशकात याच मुंबईत गर्भलिंग परीक्षणाच्या उघड जाहिराती लागायच्या. तेव्हा गर्भजल तपासून लिंग सांगत. स्त्री-संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन मोहीम केली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला, पण तो कागदावरच राहिला. म्हणून २००० साली सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तोवर सोनोग्राफीची मशिन्स गल्लोगल्ली पोचली होती. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. म्हणून मशीन कोणाच्या हातात आहे ते नोंदलेलं असलं पाहिजे, हा आपला आग्रह होता. तो बरोबरच होता.

पण त्याचबरोबर एक दार आपल्या मुलींना बंद झालं, हेही खरं. सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीसाठी पुढची तारीख घेऊन परत आलेल्या बायका या खोलीतही असतील. शिकलेल्या टेक्निशियन मुलींना देखरेखीखाली हे काम द्यावं का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी तो उडवून लावणार नाही. २०२१ च्या अलाइड हेल्थ केअर कायद्याच्या परिशिष्टात सोनोग्राफर हे नावसुद्धा आलेलं आहे. पण नाव आलं म्हणून आजचा नियम बदलत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल, तर लिंगनिवड थांबलेली नसताना मशीन वापरणारे हात वाढवायला मी आज तयार नाही. तुमच्यापैकी काहींना हे पटणार नाही. बैठकीनंतर जरूर भांडा.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण खरा धोका तिथे होता. गरोदर बाईची तपासणी झाली की ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती, मुली किती, तपासणी कशासाठी, सगळं त्यात असतं. कायद्यात नोंदीतली उणीवसुद्धा गुन्हा धरली जाते. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही तरतूद कायम ठेवली. जबाबदारी तपासणी करणाऱ्याची. पण सेंटरमध्ये नोकरी करून तांत्रिक काम करणाराही नियम मोडला तर शिक्षेला पात्र होतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आमच्या मुलीला रिकाम्या जागा ‘मागाहून अंदाजाने’ भरायला सांगत. एकदा कोणाची तरी सासू हातात पाचशेची नोट कोंबून म्हणाली, नुसती मान हलव. शब्दाने, खुणेने, कशानेही लिंग सांगणं हा गुन्हाच आहे, हे तिला कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं! तिला आपणहून कळलं. तिने नोट परत दिली आणि दोन महिन्यांत नोकरी सोडली. कर्जाचे हप्ते मात्र आई अजून फेडत होती.

मग मुलींनी काय करायचं? ज्यांना खरोखर सोनोग्राफीच करायची आहे त्यांचा रस्ता ‘नीट’, एम.बी.बी.एस.चा. लांबचा आहे, साडेपाच वर्षांचा, आणि रेडिऑलॉजीचं एम.डी. म्हणजे आणखी तीन. पण आपल्या वस्तीतल्या मुलीला तो शक्यच नाही असं आपणच आधी ठरवून टाकू नये.

दुसरा रस्ता रेडिओग्राफीचा : एक्स-रे, सी.टी., एम.आर.आय. इथे मशीन टेक्निशियनच चालवते. काम जबाबदारीचं, कसबाचं. बारावी विज्ञाननंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. एक्स-रे चालवणाऱ्याची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं, त्यामुळे तिथेही कुठलाही डिप्लोमा चालत नाही. किरणांची भीती अनेक आयांना वाटते. शिशाचा एप्रन आणि किरणं मोजणारा बॅज हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. दिवस राहिले की लगेच वरिष्ठांना सांगायचं, म्हणजे कामाची जागा बदलून मागता येते. (सोनोग्राफीत किरणं नसतात, तिथे ध्वनिलहरी असतात. हा प्रश्न मला दर वेळी येतो म्हणून आधीच सांगितलं.)

फीचं म्हणाल तर २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या, ओबीसी, एस.ई.बी.सी. आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. एस.सी., एस.टी. मुलींसाठी शिष्यवृत्ती आहेच. पण हे सरकारी प्रवेश प्रक्रियेतून गेलात तर. गाळ्यातल्या क्लासला यातलं काही लागू नाही. म्हणून पैसे भरण्याआधी त्यांना विचारा : पदवी कोणत्या विद्यापीठाची? प्रवेश सरकारी यादीतून होतो का? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार, आणि तसं पत्र दाखवता का? ‘सोनोग्राफी शिकवतो’ म्हणाले तर विचारा, कायद्याने मुलगी ती करू शकेल का, हे लिहून द्याल का? आम्ही दोघी-तिघी मिळून एका ठिकाणी हा शेवटचा प्रश्न विचारला, तर साहेब चहा सांगतो म्हणून आत गेले ते आलेच नाहीत.

येत्या शनिवारी दुपारी तीनला मी इथेच आहे. मुलींच्या मार्कलिस्टा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, असेल तो घेऊन या. आणि कोणी आधीच अशा क्लासला पैसे भरले असतील तर पावती घेऊन या. लाजू नका. त्या मुलीची पावतीही माझ्याकडे आहे, दोन्ही मिळून ग्राहक आयोगाकडे जाता येईल.